मोहरीची खोडकूज आणि जानेवारीतलं पाणी : भरतपूरकडचं एक प्रकरण

"शेताला पोलिओ झालाय, येऊन बघा," ताऊ फोनवर म्हणाले. जानेवारीचा तिसरा आठवडा होता. राजस्थान-हरियाणाच्या पट्ट्यात मोहरीच्या खोडकुजीला शेतकरी पोलिओच म्हणतात. झाड बघितलं की नाव पटतं. वर शेंगांचा भार आणि खाली कंबर मोडलेली.

मी विदर्भातला, शेतीची पदवी अकोल्याची. कच्च्या घाणीचं तेल काढणाऱ्या एका उद्योजकासाठी भरतपूर जिल्ह्यात सेंद्रिय मोहरीचे प्लॉट बघतो. ताऊ म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पण तिकडे गावातल्या कुठल्याही वडीलधाऱ्याला लोक ताऊच म्हणतात. या ताऊंचे चार बिघे, म्हणजे तिकडच्या पक्क्या बिघ्याने जवळपास एक हेक्टर. खरिपात बाजरी, रब्बीत मोहरी. रासायनिक खत-औषध बंद करून तीन वर्षं झाली होती आणि माल चांगल्या भावाने जात होता.

शेतात पोचलो तेव्हा धुऱ्यावर चार-पाच जण जमले होते आणि निदान करून मोकळे झाले होते. कुणी म्हणालं उधई, कुणी म्हणालं बोअरचं पाणी खारं, म्हणून मुळं जळाली. एक जण सरळच म्हणाला, "सेंद्रियचं हेच होतं." पिवळट पांढरी पडलेली झाडं शेतभर विखुरलेली होती, पण खालच्या अंगाला, जिथे ओलिताचं पाणी साचतं तिथे, दाट. मी एक झाड उपटलं. मुळं शाबूत, म्हणजे उधई नाही. जमिनीपासून वीतभर उंचीवर, जिथे पानाचा देठ खोडाला चिकटतो, तिथे लांबट फिकट चट्टा होता आणि त्यावर कापसासारखी पांढरी बुरशी. खोड चाकूने उभं चिरलं. आतला गाभा नाहीसा झाला होता आणि त्या पोकळीत उंदराच्या लेंड्यांसारखे काळे, टणक दाणे घरंगळत होते. ते दाणे दिसले की प्रयोगशाळेची गरज उरत नाही. ही बुरशी म्हणजे स्क्लेरोटिनिया स्क्लेरोशिओरम.

ताऊंनी विचारलं, "आता काय फवारू?"

खरं उत्तर होतं, काहीच नाही. हे त्यांना सांगणं मला जड गेलं. चट्टा खोडाला वेढून बसला की वरचं झाड गेलेलंच असतं. रासायनिक शेतीतलं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशकसुद्धा फुलोऱ्यात, लागण व्हायच्या आधी मारलं तरच उपयोगी. सेंद्रिय प्रमाणपत्रात ते चालत नाही हा भाग वेगळा, पण त्या दिवशी कुणी सगळे नियम गुंडाळून ठेवले असते तरी ते पैसे पाण्यातच गेले असते. ताऊंच्या मुलाने दुकानात फोन लावलाच होता. त्याला मी हेच सांगितलं.

त्या आठवड्यात एवढंच केलं की रोगट झाडं उपटून पोत्यात भरून शेताबाहेर काढली. हातात धरून खेचलं की पिचलेलं खोड फाटतं आणि दाणे जमिनीवर सांडतात, म्हणून आधी खाली पोतं धरायचं आणि मग झाड उपटायचं. दोन बायका आणि मी, तीन दिवस. बाकीचं पीक वेगळ्या खळ्यावर मळलं, त्यातलं बी राखायचं नाही असं ठरवलं, आणि तुरी, म्हणजे मोहरीचं वाळकं काड, तिकडच्या रिवाजाप्रमाणे वीटभट्टीला दिलं. भट्टीत जळलेला दाणा परत येत नाही.

मग मार्चमध्ये, हिशेब झाल्यावर, आम्ही ओट्यावर बसून कारणं शोधली. इथे या बुरशीची चाल सांगायला हवी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच उभे आहेत.

काळा दाणा जमिनीत तीन-चार वर्षं सहज जिवंत राहतो. खोल गाडला तर गप्प पडून असतो. वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये असेल, माती थंड असेल आणि सलग आठ-दहा दिवस ओली राहिली, तर त्यातून बारीक देठावर उभी राहिलेली, पेल्याच्या आकाराची, मातकट रंगाची चिमुकली छत्री निघते. त्या पेल्यातून बीजाणू लाखांनी हवेत उडतात. गंमत अशी की हे बीजाणू हिरव्यागार धडधाकट खोडात थेट शिरू शकत नाहीत. त्यांना आधी मेलेलं काहीतरी खायला लागतं, आणि फुलोऱ्यातली मोहरी ते रोज पुरवते. गळलेली पिवळी पाकळी देठाच्या बेचक्यात अडकते, धुक्याने भिजते, बीजाणू तिच्यावर रुजतो आणि तिथे ताकद कमावून खोडात उतरतो. म्हणून चट्टा बहुतेक वेळा बेचक्यातच सुरू होतो.

आता भरतपूरचं वेळापत्रक याच्यावर ठेवून बघा. पेरणी ऑक्टोबरच्या मध्यात. पहिलं पाणी पस्तीस-चाळीस दिवसांनी, नोव्हेंबरच्या शेवटाकडे. दुसरं पाणी शेंगा धरताना, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर. त्याच वेळी धुकं, गार माती, दाट फुलोरा आणि पाकळ्यांचा सडा. छत्री उगवायला याहून चांगला मुहूर्त नाही. म्हणूनच खोडकुजीच्या शेतात २५ डिसेंबर ते १५ जानेवारी पाणी टाळावं अशी शिफारस आहे. ताऊंनी पाणी नेमकं कधी दिलं होतं? जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. का? पाल्यासाठी.

पाला हा शब्द मराठी माणसाला चकवतो. तिकडे पाला म्हणजे रात्री गोठणारं दव. शेंगेतला दाणा दुधाळ असताना पाला पडला तर तो आतल्या आत सुकतो, पीक एका रात्रीत जातं. ओली माती दिवसा ऊब साठवते आणि रात्री सोडते, म्हणून पाल्याची चाहूल लागली की हलकं पाणी द्या, असा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो बरोबरही आहे. म्हणजे एक सल्ला म्हणतो जानेवारीत पाणी द्या, दुसरा म्हणतो देऊ नका. दोन्ही पत्रकं एकाच घरात येतात, आणि ती एकत्र बसून वाचायला शेतकऱ्याशिवाय कुणी नसतं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीवर जगणारी उपयोगी बुरशी), लसूण, गोमूत्र यांवर आम्ही तासन्‌तास बोलतो. पाण्याच्या पाळीवर दहा मिनिटंही नाही.

बाकीची कारणं सरळ होती. रब्बीत वर्षानुवर्षं मोहरीवर मोहरी. मधे बाजरी होती, तिला हा रोग लागत नाही, पण तीनेक महिन्यांच्या बाजरीने वर्षानुवर्षं टिकणारा दाणा संपत नाही. घरचंच बी, आणि त्यात चाळणीतून सुटलेले बारीक काळे दाणे. बी हेक्टरी चार-पाच किलो पुरतं, ताऊ सात टाकत होते, "उगवलं नाही तर?" म्हणून. शिवाय कोंबडीखताचा हात सैल, त्यामुळे पीक माजलेलं आणि दोन ओळींमधून वारा नाही. सेंद्रिय म्हटलं की नत्र जास्त होऊच शकत नाही, हा समज मी अनेक ठिकाणी बघितला आहे. आणि शेवटचं, उकिरड्यात मागच्या वर्षीची रोगट खोडं. ढीग नीट रचला, पलटला आणि आतून कडक तापला तर दाणे मरतात. ताऊंचा उकिरडा नुसता साठत गेलेला, गार.

पुढच्या वर्षाचा आराखडा मी कागदावर लिहून दिला आणि त्यात एक ढोबळ चूक केली. फेरपालटीसाठी मी हरभरा लिहिला. सेंद्रिय शेती, मोहरीनंतर डाळवर्गीय पीक, हवेतला नत्र, सगळं पुस्तकात शोभणारं. कॉलेजातल्या माझ्या सरांना सहज फोनवर सांगितलं तर पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "अरे, हरभऱ्याला काय लागतं?" हरभऱ्यालाही हीच बुरशी लागते. वाटाणा, बटाटा, वांगी, सूर्यफूल, कोथिंबीर, यादी चारशेच्या वर जाते. मी रोगाला जेवायला वाढत होतो. शेतातला बथुआही त्याच यादीत. बथुआ म्हणजे आपला चाकवत, ज्याची आपण ताकातली भाजी करतो. तोही मोहरीत ठेवायचा नाही.

ज्यांना ही बुरशी लागत नाही ती पिकं गवताच्या कुळातली: गहू, जव, ज्वारी, बाजरी, मका. गहू जास्त पाणी मागतो आणि ताऊंच्या बोअरचं पाणी खारवट, म्हणून जव ठरला, तो खारं सोसतो. पण चारही बिघ्यांत जव लावायला ताऊ तयार नव्हते. "मोहरीवर घर चालतं, जवावर बैल," ते म्हणाले. घरात लग्न होतं. शेवटी खालचे दोन बिघे, जिथे रोग दाट होता, जवाला दिले आणि वरच्या दोन बिघ्यांत मोहरी. शास्त्राने पाहिलं तर ही तडजोडच. खरं तर दोन-तीन वर्षं तिथे मोहरीच नको होती.

मे महिन्यात एकदा खोल नांगरट केली, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ढेकळं तापू दिली. त्यानंतर मात्र नांगर नाही, फक्त वरवर कुळवणी. हे मुद्दाम सांगतो, कारण दरवर्षी खोल नांगरलं तर या वर्षी गाडलेले दाणे पुढच्या वर्षी आपणच वर आणतो.

काही जणांनी मोहरीवर्गाचं हिरवळीचं खत गाडायला सुचवलं होतं, त्यातल्या तिखट वायूने बुरशी मरते म्हणून. कल्पना चांगली आहे, पण ज्या शेतात मोहरीचाच रोग मुरला आहे तिथे मोहरीनेच शुद्धी करायची, हे मला पटलं नाही. तो नाद सोडला.

बी नवीन घेतलं. गिरिराज, सेवरच्या संस्थेचा वाण. हे सेवर भरतपूरला लागूनच आहे. १९९३ साली तिथे राई-मोहरीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं, त्याचीच आजची संस्था. गिरिराजलाही खोडकूज होते. या रोगाला पुरून उरणारा वाण आजतरी शेतकऱ्याच्या हातात नाही, म्हणून वाण उताऱ्यासाठी निवडला, रोगासाठी नाही. बियाला किलोला दहा ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळलं. जमिनीसाठी हेक्टरी अडीच किलो ट्रायकोडर्मा पन्नास किलो मुरलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून सावलीत पोत्याखाली आठवडाभर ठेवायचं आणि पेरणीपूर्वी ओल्या मातीत मिसळायचं, असं ठरलं. पहिला ढीग फसला. सात दिवसांनी पोतं उचललं तर खतावर हिरवी झाक नाही, काही नाही. पाकीट पाहिलं तर मुदत उलटून गेलेली, आणि दुकानदाराने ते पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर ठेवलेलं. ग्रॅमला किमान वीस लाख जिवंत पेशी असाव्यात असं मानक आहे. ट्रायकोडर्मा जिवंत वस्तू आहे, युरियासारखी गोणी नाही. दुसरं ताजं आणलं, तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवशी ढिगावर हिरवट बुरशी धरली.

पेरणी ऑक्टोबरच्या मध्यात, ओळीत पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर, बी कमी, वीस दिवसांनी विरळणी. ताऊंना रान रिकामं दिसत होतं. डिसेंबरपर्यंत ते रोज मला ते रिकामं रान दाखवत होते.

पहिलं पाणी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. दुसरं ओढून अलीकडे आणलं, २१ डिसेंबरला, तेही हलकं. मग बोअरचा स्टार्टर बंद. जवाचं पाणी वेगळ्या चारीने, मोहरीच्या कडेकडेने.

आणि मग ती रात्र आली. जानेवारीचा पहिला पंधरवडा, आभाळ निरभ्र, वारा पडलेला, संध्याकाळीच हातपाय आखडत होते. ही सगळी पाल्याची लक्षणं. गावातले पंप सुरू झाले. रात्री दहाला ताऊंचा फोन. "सगळे पाणी देतायत. माझं एकट्याचं पीक गेलं तर तू देणार का?" या प्रश्नाला उत्तर नसतं. मी देणार नव्हतो. मी गाडी काढून शेतावर गेलो, एवढंच माझ्या हातात होतं. वायव्येच्या धुऱ्यावर ओलं काड आणि गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या, त्या पेटवून पहाटेपर्यंत धूर केला. धुराने किती ऊब राहते याबद्दल मला स्वतःला शंका आहे. त्या रात्री आम्हाला काहीतरी करत राहायचं होतं, हेही खरं. सकाळी कडेच्या ओळींच्या शेंडेशेंगा काळवंडल्या होत्या. आतलं पीक टिकलं. पारा आणखी एक-दोन अंश उतरला असता तर हे प्रकरण मी वेगळ्या सुरात लिहिलं असतं, किंवा लिहिलंच नसतं.

करपा आणि पांढरा तांबेरा या मोहरीच्या आणखी दोन रोगांचं थोडक्यात. करप्याचे गोल-गोल वर्तुळांचे डाग डिसेंबरात खालच्या पानांवर दिसले. त्यासाठी लसणाचा एक टक्का अर्क, म्हणजे लिटरला दहा ग्रॅम लसूण वाटून, गाळून, ताजाच, पन्नासाव्या आणि सत्तराव्या दिवसाच्या आसपास फवारला. डाग वर चढले नाहीत. तांबेऱ्याने फुलोऱ्याची शिंगं झालेली दोन-चार झाडं मिळाली, ती काढून टाकली. वेळेवरच्या पेरणीला हे दोन्ही रोग तितके छळत नाहीत.

जानेवारीच्या मध्यावर मी गुडघ्यांवर बसून मोहरीच्या ओळींतून सरपटत छत्र्या शोधल्या. नखाएवढाही नसलेला पेला, मातीच्याच रंगाचा, डोळा बसायला वेळ लागतो. वरच्या दोन बिघ्यांत बहुतेक ठिकाणी माती भुरभुरीत कोरडी आणि छत्री एकही नाही. पण जवाकडे जाणाऱ्या चारीच्या कडेला, जिथे उंदराने बीळ पाडलं होतं आणि प्रत्येक पाण्याला मोहरीत पाझर होत होता, तिथे दहा-बारा पावलांच्या पट्ट्यात छत्र्याच छत्र्या. मी ताऊंना बोलावलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. आयुष्यभर मोहरी केली, पण रोगाचा हा चेहरा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. "एवढंसं?" म्हणाले.

दोन आठवड्यांनी खोडकूज आली ती त्याच पट्ट्यात. शेतात इतरत्र तुरळक, पोत्यात मावतील इतकी झाडं. ती आधीसारखीच काढली.

उत्पन्न किती वाढलं, असं मला बैठकांमध्ये विचारतात. मी आकडा देत नाही. रोग दाट असलेले दोन बिघे जवाखाली होते, वाण बदललेला, बी बदललेलं, अंतर बदललेलं, आणि काहीही न केलेला एक तुकडा तुलनेला ठेवायला हवा होता तो ठेवला नाही. त्यामुळे ट्रायकोडर्माने किती काम केलं हे मी सांगू शकत नाही. ते पाझरलेल्या पट्ट्यातही टाकलेलं होतं आणि तिथे रोग आलाच. पाण्याबद्दल मात्र तो फुटका पाट मला पुरेसा साक्षीदार वाटतो. तेच बी, तीच माती, तेच खत, फरक फक्त ओलीचा.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या बांधीत मोहरी घेणारे बरेच आहेत. धानात आठवड्यांमागून आठवडे पाणी उभं राहतं आणि त्या चिखलात हे काळे दाणे बहुतेक कुजून मरतात. ताऊंना जे जमवायला फेरपालट करावी लागते, ते तिथे बांधी फुकट करते. तिथला त्रास वेगळा: धान उशिरा निघालं, पेरणी लांबली की फेब्रुवारीच्या कोरड्या उन्हात भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारा रोग. भुरीला ओल नको असते, त्यामुळे भरतपूरचा पाण्याचा धडा तिकडे जसाच्या तसा नेऊ नका. तिथे पेरणीची तारीख सांभाळायची, आणि गंधक सेंद्रियमध्येही अटींवर चालतं.

तिसऱ्या हंगामाची बोलणी सध्या सुरू आहेत. खालच्या दोन बिघ्यांत पुन्हा एक वर्ष जव, असं माझं म्हणणं. ताऊ म्हणतात मोहरी, कारण आता रोग "कळलाय". परवा गेलो तर त्यांनी खालच्या रानातली वरची बोटभर माती चाळणीत घेतली होती आणि चाळून उरलेला गाळ ताटात पसरून बसले होते. ताटाच्या कडेला काळे दाणे वेगळे काढलेले. एक दाणा नखाने फोडला, आतून पांढरा निघाला, म्हणजे अजून जिवंत. त्यांनी ताट माझ्यापुढे सरकवलं आणि नातवाला म्हणाले, "जा, जवाचं बी किती शिल्लक आहे बघ."